ठेंगणा माड : रंग पाहून घ्या, विहीर पाहून लावा

कोकण किनाऱ्यावर घर आणि माड ही जोडी जुनी आहे. मात्र अलीकडे माडवाल्यांपुढे दोन प्रश्न उभे राहिले आहेत. पहिला प्रश्न पाडेल्याचा. उंच माडावर चढणारा माणूस सहजी मिळत नाही. मिळालाच तर आपल्या सवडीने येतो आणि मजुरीही आपल्या मर्जीने सांगतो. घरातील तरुण मुले मुंबईत किंवा आखाती देशांत, आणि वाडीत वडीलधारी माणसे, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे. तेथे नारळ पिकून आपोआप खाली पडेल तेव्हाच घरात येतो. दुसरा प्रश्न वादळाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत नारळ-सुपारीच्या उभ्या बागा आडव्या झाल्या. मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा काय लावावे, हा प्रश्न तेव्हापासून अनेक कुटुंबांपुढे आहे.

या दोन्ही प्रश्नांवर उपाय म्हणून ठेंगण्या माडाचे नाव घेतले जाते. "तीन वर्षांत फळ, जमिनीवर उभे राहून तोडा" अशी त्याची तारीफ ऐकू येते. रोपे टेम्पोतून दारात येतात, आणि परदेशातून आलेल्या पैशातील काही रक्कम त्यात घातली जाते. साडी खराब निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन परत करते. रोप खराब निघाले तर ते चौथ्या-पाचव्या वर्षी समजते. तोपर्यंत विकणारा कोठे असतो कोणास ठाऊक, आणि गेलेली वर्षे तर कोणीच परत देत नाही.

आम्ही धंद्याने कापडवाले. परंतु माल ओळखणे, त्याचे गिऱ्हाईक कोण हे पाहणे आणि भांडवल घालण्यापूर्वी हिशेब मांडणे, ही कामे सर्व धंद्यांत सारखीच असतात. त्याच रीतीने ठेंगण्या माडाचा विचार येथे करावयाचा आहे.

ठेंगणा म्हणजे काय?

नारळाच्या मुख्य जाती दोन : उंच आणि ठेंगणी. या दोहोंच्या मिलनातून झालेली ती संकरित.

आपल्याकडील बाणवली ही उंच जात. ती सहा ते आठ वर्षांनी फळावर येते, ८० ते १०० वर्षे जगते आणि चांगल्या निगराणीत वर्षाला ८० ते १०० नारळ देते. तिचा बुंधा जमिनीलगत फुगीर असतो. ठेंगण्या माडाचा बुंधा सडपातळ आणि तळाशी सरळ असतो, झावळ्या आखूड असतात. तो तीन-चार वर्षांत फळावर येतो. त्याचे आयुष्य मात्र ४० ते ५० वर्षांचे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ठेंगणा माड कायम ठेंगणा राहत नाही. तोही वाढतो, फक्त सावकाश. पहिली काही वर्षे पेंड हाताला लागते, नंतर लहान शिडी लागते. वीस वर्षांचा ठेंगणा माड पाच-सात मीटर उंच झालेला असतो. म्हणजे पाडेल्याची गरज पुष्कळ वर्षे लागत नाही हे खरे. पण "जन्मभर जमिनीवरून तोडा" हे खरे नव्हे.

दुसरा मोठा फरक फुलोऱ्यातील आहे, आणि रोपे घेणाऱ्याने तो समजून घेणे जरुरीचे आहे. उंच माडाच्या एका पोयीतील नर फुले आधी उमलून गळून जातात, मादी फुले नंतर तयार होतात. त्यामुळे त्यांना दुसऱ्या माडाचे पराग लागतात. म्हणून बाणवलीच्या एकाच झाडाची रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. ठेंगण्या माडात नर आणि मादी फुलांचा काळ बराचसा एकत्र येतो, त्यामुळे बहुतेक फळे स्वतःच्याच परागावर धरतात. परिणामी ठेंगण्याचे रोप पुष्कळ अंशी आईसारखे निघते. पुष्कळ अंशी म्हणण्याचे कारण असे की, जवळपास उंच माड असतील तर त्यांचे पराग येऊन भेसळ होऊ शकते.

नावांचा घोळ

कोकणात बहुतेक ठेंगण्या माडांना सरसकट "सिंगापुरी" म्हणतात. हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. बाजारात कोणी "सूती कापड" एवढेच मागितले तर दुकानदार वाटेल ते दाखवू शकतो. तसेच "सिंगापुरी" मागणाऱ्याचे होते. म्हणून जातीचे पूर्ण नाव घेऊनच मागणी करावी.

शहाळ्यासाठी सर्वांत नावाजलेली जात म्हणजे चौघाट ऑरेंज ड्वार्फ. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातील चावक्काड या गावाचे इंग्रजांच्या काळातील नाव चौघाट. त्यावरून हे नाव पडले. हिची फळे नारिंगी आणि पाणी गोड असते. याच गावाच्या नावाची हिरवी जातही आहे, तिला चौघाट ग्रीन ड्वार्फ म्हणतात. मलायन यलो आणि मलायन ऑरेंज या जाती मलाया प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जातात. आंध्रातील गंगाबोंडम जातीची फळे हिरवी आणि पपईसारखी लांबट असतात.

संकरित जातींचा इतिहास तर आपल्या देशासाठी अभिमानाचा आहे. त्या वेळच्या मद्रास प्रांतातील नीलेश्वर येथे जे. एस. पटेल यांनी १९३२ मध्ये उंच आणि ठेंगण्या माडांचा संकर केला. ही संकरित झाडे आईबापांपेक्षा जोमदार असल्याचे त्यांनी १९३७ मध्ये जाहीर केले. नारळातील हे काम जगात पहिले मानले जाते. आज उंच आई व ठेंगणा बाप असलेल्या संकरास टी बाय डी आणि ठेंगणी आई व उंच बाप असलेल्या संकरास डी बाय टी म्हणतात. बाणवली म्हणजेच वेस्ट कोस्ट टॉल आणि चौघाट ऑरेंज यांच्यापासून तयार झालेल्या केरासंकरा आणि चंद्रसंकरा या जाती अनुक्रमे या दोन प्रकारच्या आहेत. त्या साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतात आणि शहाळे व खोबरे या दोन्ही कामांना चालतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शेजाऱ्याच्या वाडीत संकरित माड लगडलेला पाहून त्याचा नारळ आणून रुजवू नये. संकराचा गुण पुढच्या पिढीत विखुरतो. काही रोपे आजीवर जातील, काही आजोबांवर, आणि कोणते कोणावर गेले हे फळ येईपर्यंत कळणार नाही. संकरित रोप प्रत्येक वेळी नव्याने केलेल्या संकराचेच घ्यावे लागते.

हा माल कोणत्या गिऱ्हाइकाचा?

ठेंगण्या माडाचे गिऱ्हाईक शहाळे पिणारे आहे. पिकलेल्या ठेंगण्या नारळाचे खोबरे कमी भरते, वाळवल्यावर कातड्यासारखे चिवट होते आणि त्यात तेलाचे प्रमाण कमी असते. घाणीवाला ते आनंदाने घेत नाही. घरच्या कालवणालाही बाणवलीचे दळदार खोबरेच बरे पडते.

या दोन मालांच्या व्यापारात मोठा फरक आहे. सोललेला किंवा न सोललेला पिका नारळ काही महिने घरात पडून राहू शकतो. आज भाव नसेल तर धनी थांबू शकतो. शहाळ्याला थांबणे माहीत नाही. ते तोडले की काही दिवसांत विकले गेलेच पाहिजे, आणि झाडावर जास्त ठेवले तर ते शहाळे राहत नाही, नारळ होतो. बाणवली हा गोदामात ठेवण्याचा माल आहे. ठेंगण्याचे शहाळे हा भाजीबाजारातला माल आहे. ज्याच्यापाशी रोजचे गिऱ्हाईक आहे त्यालाच तो नफा देतो.

म्हणून लावण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझी शहाळी पिणार कोण? वाडी अलिबाग, मुरूड, हर्णे, गुहागर अशा पर्यटकांच्या वाटेवर असेल, जवळ एस. टी. स्थानक, इस्पितळ किंवा मोठी बाजारपेठ असेल, तर उत्तर सोपे आहे. वाडी आडवाटेला असेल आणि घरी फक्त म्हातारे आईवडील असतील, तर उत्तराचा पुन्हा विचार करावा.

रोपाची पारख

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. चौघाट ऑरेंजचे रोप ओळखण्याची एक खूण निसर्गानेच दिली आहे, ती म्हणजे पानाच्या देठाचा रंग. खऱ्या, भेसळ नसलेल्या रोपाचा देठ नारिंगी असतो. उंच हिरव्या माडाचे पराग लागून झालेल्या रोपाचा देठ तपकिरी किंवा हिरवट होतो, कारण नारिंगी रंग दुसऱ्या रंगापुढे दबून जातो. म्हणजे रोप लहान असतानाच, एक पैसाही न देता, उघड्या डोळ्यांनी पारख करता येते. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे पाहण्यासाठी ओला रुमाल घासून पाहावा लागतो. येथे तेवढेही कष्ट नाहीत.

हीच खूण संकरित रोप घेणाऱ्यालाही उपयोगी पडते, फक्त उलट बाजूने. चंद्रसंकराची आई चौघाट ऑरेंज असते. तिच्या वाफ्यातील तपकिरी देठाची रोपे संकरित, तर नारिंगी देठाची रोपे आईच्याच परागाची, म्हणजे साधी ठेंगणी. ज्याला संकरित हवे त्याने नारिंगी घेऊ नये, ज्याला शुद्ध ठेंगणे हवे त्याने तपकिरी घेऊ नये.

हिरव्या ठेंगण्या जातींत मात्र रंगाची ही सोय नाही. तेथे विकणाऱ्याच्या शब्दावर आणि पावतीवरच भिस्त असते. म्हणून अशी रोपे खात्रीच्या ठिकाणावरूनच घ्यावीत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दारात आलेल्या फेरीवाल्याकडून हिरवी "सिंगापुरी" रोपे घेतली. सहाव्या वर्षी बुंधे तळाशी फुगले, झाडे छपराच्या वर गेली, पण पोय काही आली नाही. ती उंच जातीची रोपे होती. फेरीवाला पुन्हा त्या गावात दिसला नाही.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या नारळ विकास मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय कोची येथे असून आपल्या राज्यात पालघर येथे मंडळाचे प्रात्यक्षिक व बियाणे उत्पादन क्षेत्र आहे. अशा ठिकाणी आगाऊ मागणी नोंदवावी लागते आणि पाळी येईपर्यंत थांबावे लागते. चाळीस वर्षांच्या झाडासाठी एक वर्ष थांबणे हा तोटा नव्हे. खाजगी रोपवाटिकेतून घ्यावयाचे असेल तर ती परवानाधारक असावी, जातीचे नाव घातलेली पावती मागावी आणि शक्य असेल तर मातृवृक्ष डोळ्यांनी पाहावेत.

जात कोणतीही असो, रोप निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) रोप नऊ ते बारा महिन्यांचे असावे.
(२) त्याला सहा-आठ पाने असावीत, आणि पानांच्या पात्या लवकर सुटू लागलेल्या असाव्यात.
(३) रोपाचा बुडखा जाड असावा. दहा-बारा सेंटिमीटर घेर असेल तर उत्तम. ठेंगण्या जातीत तो थोडा कमी भरतो.
(४) लांब, किडकिडीत वाढलेले रोप घेऊ नये. उंची पाहून भुलू नये.

घरी रोप तयार करावयाचे असल्यास

ज्यांच्या वाडीत चांगला, दरवर्षी फळ देणारा नारिंगी ठेंगणा माड आहे त्यांना घरीही रोपे करता येतील. अकरा-बारा महिने भरलेला पक्व नारळ उतरवावा, हलवून पाण्याचा आवाज ऐकावा. बाणवलीचे बियाणे महिना-दोन महिने सावलीत ठेवून मग लावले तरी चालते. ठेंगण्याचे तसे नाही. त्याचा नारळ लवकर रुजतो आणि आतील पाणी लवकर आटते, म्हणून तोडल्यापासून दहा-पंधरा दिवसांच्या आत तो वाफ्यात गेला पाहिजे. वाफा उंच, निचऱ्याचा आणि अर्धवट सावलीचा असावा. दोन नारळांमध्ये फूटभर अंतर ठेवावे.

ठेंगण्याचे नारळ साधारण एक ते तीन महिन्यांत रुजतात. चार महिन्यांतही कोंब न दिसलेला नारळ काढून टाकावा. जे लवकर रुजतात तेच पुढे लवकर फळतात, असा अनुभव आहे. रोपे वाढली की देठाचा रंग पाहून नारिंगी तेवढी ठेवावीत. बाकीची फुकट वाटण्याचाही मोह टाळावा, कारण ती कोणाच्या तरी वाडीत ठेंगणी म्हणूनच लागतील.

खड्डा आणि लागवड

उंच जातीस साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट अंतर लागते. ठेंगण्यास साडेसहा ते सात मीटर पुरते. यापेक्षा दाट लावू नये. झावळ्या एकमेकांत शिरल्या की झाडे उजेडासाठी वर धावतात आणि फळ कमी होते.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल घ्यावा. जांभ्याच्या कठीण जमिनीत तो सव्वा मीटरचा असावा. तेथे लागवडीच्या सहा महिने आधी खड्ड्यात दोन किलो साधे मीठ टाकल्यास जांभा मऊ होण्यास मदत होते. तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर, आतली बाजू वर करून रचावेत. ही सोडणे पावसाळ्यात पाणी पितात आणि उन्हाळ्यात मुळांना देतात. त्यावर चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा.

रोप वाफ्यातून काढताना पाने धरून ओढू नये. कुदळीने खालून मोकळे करावे. लावताना नारळ मातीखाली जावा, पण रोपाचा बुडखा पुरला जाऊ नये. जून महिन्यात पाऊस स्थिरावला की लागवड करावी. जेथे पावसाळ्यात पाणी तुंबते तेथे मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावावे. पाणी साचून राहणारी जागा नारळाला मानवत नाही. रोपाला काठीचा आधार द्यावा, आणि पहिले दोन उन्हाळे दक्षिण-पश्चिमेकडून झावळ्यांची सावली करावी. ठेंगण्याची पाने बरीच वर्षे गुरांच्या तोंडाला येतात, त्यामुळे कुंपण आधी आणि रोप नंतर, हा क्रम ठेवावा.

पाणी आणि खत

बाणवली हे सोशिक झाड आहे. एखादा उन्हाळा कोरडा गेला तर ते पुढच्या वर्षी सावरते. ठेंगणा माड नाजूक असतो. पाण्याचा ताण पडला की तो लहान फळे गाळतो, पोय लहान येते, आणि एक वर्ष भरपूर तर दुसरे वर्ष रिकामे असा खेळ सुरू होतो. म्हणून आमचे सांगणे असे की, विहीर पावसाळ्यात पाहू नये. मे महिन्याच्या अखेरीस पाहावी. त्या दिवशी तिच्यात जेवढे पाणी आहे तेवढेच माड आपले.

मोठ्या झाडास उन्हाळ्यात ठिबकने रोज तीस ते चाळीस लिटर पाणी लागते. आळ्यात द्यावयाचे असेल तर दर चार दिवसांनी दोनशे लिटर. चाळीस माडांसाठी ठिबकने रोज बाराशे ते सोळाशे लिटर झाले. आळ्यात झावळ्या, पालापाचोळा आणि सोडणांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते.

कासारगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेची मोठ्या झाडासाठीची सर्वसाधारण शिफारस वर्षाला नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० ग्रॅम आणि पालाश १२०० ग्रॅम अशी आहे. दुकानातील भाषेत सांगायचे तर सुमारे १ किलो १०० ग्रॅम युरिया, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी याचा दहावा हिस्सा, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्या वर्षापासून पूर्ण मात्रा द्यावी. एक हप्ता पहिल्या पावसानंतर आणि दुसरा पावसाळा ओसरताना द्यावा. त्याबरोबर शेणखत किंवा कंपोस्ट दरवर्षी हवेच. पोटॅश महाग म्हणून वगळणारे पुष्कळ आहेत, पण नारळाला सर्वांत जास्त भूक पोटॅशचीच असते. खत बुंध्याला लावून टाकू नये. आळ्यात पसरून मातीत मिसळावे.

शत्रू ओळखा

गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून कोवळे पान कुरतडतो. पान उघडले की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी दिसते. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते, म्हणून खड्डा वारंवार उपसून अळ्या वेचाव्यात. शेंड्यातील भुंगा तारेच्या हुकाने ओढून काढावा आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड मिसळून टाकावी.

सोंड्या भुंगा जास्त घातक. तो जखमेचा वास काढीत येतो आणि त्याच्या अळ्या बुंधा आतून पोखरतात. बुंध्यावर छिद्र, त्यातून तपकिरी चिकट द्रव आणि चावलेला भुसा दिसला, तर त्याच दिवशी कृषी खात्याच्या माणसास दाखवावे. बुंध्यास कोयत्याचे घाव घालू नयेत, पायऱ्या पाडू नयेत. हिरवी झावळी कापणे भागच पडले तर सुमारे चार फूट देठ ठेवून कापावी.

नारळावर खडबडीत तपकिरी डाग पाडणारा इरिओफाईड कोळी आपल्या देशात १९९८ मध्ये प्रथम केरळात आढळला. पानांच्या खाली पांढरी वलये करणारी रुगोज पांढरी माशी २०१६ मध्ये तामिळनाडूत दिसली. ठेंगण्या आणि संकरित माडांवर ती अधिक आढळते. तिच्यावर कडक विषारी औषधे मारू नयेत, कारण तिला मारणारे मित्रकीटकही त्यात मरतात. जोराने पाणी मारून पाने धुवावीत आणि सौम्य निंबोळी तेल फवारावे. ठेंगण्या झाडाचा येथे एक फायदा आहे : पंप जमिनीवरून पोहोचतो.

शेवटचे दोन शत्रू पुस्तकात कमी आणि वाडीत जास्त आढळतात. एक माकड, दुसरा चोर. जी पेंड आपल्या हाताला लागते ती त्यांच्याही हाताला लागते. घरापासून दूर, राखण नसलेल्या जागेत ठेंगणे माड लावू नयेत.

तोडणी आणि हिशेब

शहाळे सुमारे सात महिन्यांचे झाले की त्यात पाणी सर्वांत जास्त आणि गोड असते. पेंड खाली आपटू नये. कोवळ्या शहाळ्याला तडा जातो. पेंडीच्या देठासह कापून हळू उतरवावी. देठासह ठेवलेले शहाळे अधिक टिकते.

आता वही उघडू. वीस गुंठे जागेत सात मीटर अंतराने साधारण चाळीस माड बसतात. चौघाट ऑरेंजचे सरासरी साठ नग धरले तर वर्षाला २,४०० शहाळी होतात. महिन्याला ती दोनशे, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आसपास. एवढ्या मालासाठी मुंबईचा व्यापारी ट्रक पाठवणार नाही. त्याला कर्नाटकातील मद्दूरच्या मोठ्या बाजारातून गाडी भरून शहाळी मिळतात. म्हणजे वीस गुंठेवाल्यापुढे मार्ग दोनच : गावातच थेट विक्री, किंवा वाडीतील पाच-दहा जणांनी एकत्र येऊन एकाच दिवशी तोडणी आणि एकच गाडी.

थेट विक्रीत दलालाचा हिस्सा वाचतो, पण बसणारा माणूस लागतो. तो घरचा असला तरी त्याची मजुरी खर्चात धरावी. आपल्याकडे घरच्या माणसाचे श्रम फुकट धरण्याची सवय आहे. त्यामुळे तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो. रोपे, खड्डे, कुंपण, ठिबक, वीज, खत आणि राखण हे सारे लिहावे, पहिल्या चार वर्षांची आवक शून्य मांडावी, नग पन्नासच धरावे आणि भाव पावसाळ्यातला धरावा, उन्हाळ्यातला नव्हे. एवढे करूनही शिल्लक उरत असेल तर खुशाल लावावे.

कोणी लावावा, कोणी लावू नये

ज्यांच्या विहिरीला मे अखेर पाणी आहे, घराजवळ जागा आहे, रस्त्यावर गिऱ्हाईक आहे आणि वाडीत रोज फिरणारा माणूस आहे, त्यांनी ठेंगणे माड जरूर लावावेत. ज्यांना शहाळे आणि खोबरे दोन्ही हवे, पाणी बऱ्यापैकी आहे, त्यांनी खात्रीचे संकरित रोप घ्यावे. ज्यांचे पाणी बेताचे, घर बंद आणि कारभार फोनवरून चालणारा, त्यांना बाणवली किंवा भाट्ये केंद्राने दिलेली प्रताप ही उंच जातच साथ देईल. भाट्ये येथेच विकसित झालेल्या "लाखी बाग" पद्धतीने उंच माडांखाली जायफळ, दालचिनी आणि काळी मिरी घेता येते. ठेंगण्याचा घेर खाली असल्याने त्याखाली ही सोय तितकी साधत नाही.

उभे असलेले बाणवली माड तोडून त्यांच्या जागी ठेंगणे लावण्याची घाई मात्र कोणी करू नये. जुना माड आजही घराच्या कालवणाला नारळ देतो आहे. वाडीत दोन्ही असावेत : मोकळ्या जागेत, विहिरीच्या जवळ, आधी दहा-बारा ठेंगणे लावून पाहावेत. त्यांची शहाळी कोण घेते, किती दिवसांत घेते, उन्हाळ्यात पाणी पुरते की नाही, हे चार-पाच वर्षांत कळेल. मग संख्या वाढवावी. नमुना पाहिल्याशिवाय गाठ भरू नये, हा कापड बाजाराचा नियम माडालाही लागू आहे.